लाल नखांची खूण

जो मागे बसोनि पाहे ।
झेली जे जे सुटोनि जाये ।
आमुची लाजही जो वाहे ।
तो साक्षी नमियेला ॥

हे दयाघना, आधी तुला नमन. तू सर्वांच्या पाठीशी बसतोस, म्हणून कोणाला दिसत नाहीस. आणि तुझ्यापुढे सर्वांचे हात उघडे असतात, म्हणून तुझ्यापासून काही लपत नाही. मग नमन आमच्या गावच्या मातेला. मिठाच्या होडीतून, सागराच्या वाटेने आलेल्या सावळ्या मुखाच्या, निळ्या वस्त्राच्या मातेला. तिच्यासमोर मान वर करून उभे राहवत नाही, आणि तिला सोडून दुसरीकडे जाववतही नाही. तिच्या पायरीशी बसून एका माणसाची कथा सांगतो. त्याचे नाव एलाडिओ पेगेरो.

गाव त्याला बेडूक म्हणते. आमच्या या कॅरिबियन किनाऱ्यावर टोपणनावावाचून कोणी राहत नाही. बाप्तिस्म्याचे नाव पाद्रीबाबांपुरते, हाक मारायला दुसरे. एलाडिओला हे नाव त्याच्या बैठकीने दिले. बेसबॉलचा कॅचर तो. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसायचा, तोंडावर जाळी, छातीवर कवच, हातात फुगीर ग्लोव्ह. आठ गडी त्याच्याकडे तोंड करून उभे, आणि तो एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसलेला. सारे मैदान ज्याला दिसते आणि ज्याचा चेहरा मैदानाला दिसत नाही, अशी ती जागा.

लहानपणी मिठागराच्या बांधावर पोरे खेळत, तेव्हा ती जागा कोणालाच नको असे. चेंडू मोज्यांचा, बॅट झाडूच्या दांड्याची, ग्लोव्ह दुधाच्या खोक्याचा. जो शेवटी येई त्याला मागे बसवत, आणि एलाडिओ नेहमी शेवटी येई, कारण आधी बापाबरोबर मीठ ओढून मग खेळायला सुटे. समोरून चेंडू टाकी तो शेजारच्या अंगणातला फाउस्तीनो आरियास. वयाने थोरला, हाताने दांडगा.

"घाबरलास तर उठून जा रे!" फाउस्तीनो ओरडे.

"तू टाक की! नुसतं तोंडच फेकतोयस मघापासून!"

एवढ्यावर त्या दोघांचे जमले, आणि असे जमले की पुढचे सारे आयुष्य एकाने टाकावे आणि दुसऱ्याने झेलावे.

दोघांनाही उत्तरेकडच्या माणसांनी करार देऊन परदेशी नेले. फाउस्तीनो काही काळ तिथे टिकला. एलाडिओ दोन उन्हाळे थंडगार गावांतून बसने हिंडला आणि परत पाठवला गेला. झेलण्यात त्याला तोड नव्हती. पण त्याची बॅट मुकी होती, आणि मुक्या बॅटीच्या कॅचरला तिकडे कोण पोसणार? विमानतळावर गावकरी बँड घेऊन आले होते. तो मागच्या दाराने निघाला आणि मीठ वाहणाऱ्या गाडीत बसून घरी आला. लाजेची आणि त्याची ती पहिली ओळख.

तरीही देवाने त्याचे दार बंद केले नाही. हिवाळ्यात आमच्या इथल्या व्यावसायिक सामन्यांना सगळे परत येतात. आमचा संघ मीठवाल्यांचा, आणि फाउस्तीनो त्याचा राजा. त्याने व्यवस्थापकाला स्वच्छ सांगितले, "मागे एलाडिओ बसणार असेल तर मी टाकीन. नाहीतर दुसरा पिचर बघा." झाले! बेडकाला जागा मिळाली, आणि तो तिथे बारा हिवाळे बसला.

काय त्याचे बसणे, काय त्याचे झेलणे! वेगाने आलेला चेंडू तो असा घेई, जणू झोपलेले लेकरू एका कुशीतून दुसऱ्या कुशीत घ्यावे. पंचाशी पाठमोराच बोले, पण अदबीने. फलंदाज येऊन उभा राहिला की त्याच्या आईची विचारपूस करी. बोटे मोडत, पुन्हा सांधत, वाकडी होत. ती वाकडी बोटे मांड्यांच्या आड धरून तो पिचरला खूण करी: एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा, आणि मग अंगठ्याने दिशा, आत की बाहेर, वर की खाली. पिचरने तीच खूण पाळायची. ती दिसते फक्त पिचरला, आणि ज्याला मघाशी नमन केले त्याला.

एलाडिओने मिनेर्वाशी लग्न केले. मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी लेकरू फाउस्तीनोच्या हाती दिले, तो तिचा धर्मपिता झाला, आणि त्या क्षणापासून ते दोघे एकमेकांचे कोंपाद्रे झाले. हे नाते सख्ख्या भावापेक्षा वरचे. बांधावर शिव्या देत वाढलेले दोन मित्र त्या दिवसापासून एकमेकांना अहो-जाहो करू लागले. कोंपाद्रेशी भांडायचे नाही, कोंपाद्रेची लाज चारचौघांत उघडी करायची नाही. अशी आमची रीत. आणि बाबांनो, चांगली रीतच माणसाला कधी कुठल्या खड्ड्याशी नेऊन उभी करते, ते पुढे ऐका.

एका हिवाळ्यात फाउस्तीनो म्हणाला, "कोंपाद्रे, यंदा दिवे फार मंद लावलेत हो यांनी."

"हो ना, कोंपाद्रे. काटकसर करतात मेले."

दिवे तेच होते. एलाडिओला ते ठाऊक होते. पण त्याने मिनेर्वाकडून नखे रंगवून घेतली. तसे पुष्कळ कॅचर करतात, खूण उठून दिसावी म्हणून. मिनेर्वाने आपली लाल बाटली काढली आणि सामन्याच्या दुपारी दारात बसून नवऱ्याची वाकडी बोटे एकेक करून रंगवली. खेळाडूंच्या खोलीत हशाच हशा.

"वहिनींचा हात आज हलला वाटतं! करंगळी कोरीच राहिली!"

"बेडूक नटला रे नटला! नाचायला कोण नेणार?"

"तुझी बायको तुझ्या बोटाला हात तरी लावते का, ते सांग आधी," एलाडिओ म्हणे, आणि स्वतःही हसे.

पुढच्या हिवाळ्यात फाउस्तीनो हसत नव्हता. सराव संपल्यावर त्याने एलाडिओला बाजूला घेतले. "खरं सांगू, कोंपाद्रे? मला तुमची लाल नखं तेवढी दिसतात. बाकी सगळा धूर."

"नखं दिसतात ना? मग पुरे."

पुरे! त्या एका शब्दात सारी कथा आहे. फाउस्तीनो घरी बसला असता तर एलाडिओही बसला असता. त्याला संघात ठेवणारा तोच एक हात होता. त्या शब्दात प्रेम किती होते आणि पोट किती, हे एलाडिओला तेव्हा कळले नाही, आणि पुढे त्याने कधी स्वतःला विचारू दिले नाही. फाउस्तीनोचा हात अजून खरा होता. जिथे लाल खूण, तिथून अंदाज. जिथे बेडकाचे पोट, तिथे चेंडू. गाव टाळ्या वाजवीत राहिले.

मग तो सामना आला. समोर डोंगराकडचे कॉफीवाले. त्यांच्याकडे येर्मीन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. वाऱ्यात डोलणाऱ्या ताडासारखा, प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापुढच्या पांढऱ्या पाटीच्या, वर ओणवा होऊन उभा राहणारा. दोनदा त्याने फाउस्तीनोचा चेंडू कुंपणापलीकडे नेला होता. तिसऱ्यांदा तो आला आणि आमच्याकडची लेकरे वडीलधाऱ्यांना भेटताच जे म्हणतात तेच म्हणाला.

"आशीर्वाद, मामा."

"देव तुझं भलं करो, लेका," एलाडिओ म्हणाला. आशीर्वाद मागितला की तो द्यायचाच. वैऱ्यालाही नाकारायचा नाही.

आणि तो शब्द अजून ओठांवर असताना त्याची बोटे मांड्यांच्या आड खाली गेली. एक बोट. अंगठा आत. अंगठा वर.

ओणवा होणाऱ्या फलंदाजाला मागे रेटायला चेंडू हनुवटीजवळून काढतात. डोळस पिचर ते वीतभर अंतर राखून करतो. पोरगा दचकतो, दोन पावले मागे सरतो, खेळ पुढे चालतो. पण ज्याला फलंदाजाचे डोके दिसतच नाही, त्याच्याकडे ती वीत कोण मागतो? एलाडिओने मागितली. सवयीने मागितली, जिंकायच्या घाईत मागितली. फाउस्तीनोला लाल नखे दिसली, आणि त्याने जे मागितले ते टाकले.

येर्मीनने मान वळवली. चेंडू शिरस्त्राणाच्या कडेखाली, डाव्या कानामागे बसला. तो आवाज एलाडिओइतका जवळून दुसऱ्या कोणीच ऐकला नाही. पोरगा एलाडिओच्या गुडघ्यांवरच कोसळला.

"कसाई!" असा मैदानभर कल्लोळ झाला. "मुद्दाम मारलं! म्हातारा कसाई!"

पंचाने मास्क वर केला. "काय खूण केली होतीस?"

 एलाडिओ म्हणाला, "बाहेरची. मी बाहेरचीच केली होती."

फाउस्तीनो धावत जवळ आला होता. त्याने ते ऐकले. ज्या दिशेने आवाज आला तिकडे त्याने तोंड वळवले, आणि ग्लोव्ह काखेत मारून मैदानाबाहेर चालू लागला. पायरीशी तो अडखळला. लोकांना वाटले, रागाने.

येर्मीन वाचला. पण डावा कान गेला आणि अंगाचा तोल गेला. पुन्हा त्याने बॅट धरली नाही. फाउस्तीनोला संघाने काढले. दुकानात लोक त्याच्या पाठीमागे सुरी घासल्याचा आवाज काढू लागले. एलाडिओ मात्र राहिला! लोकांना त्याची कीव आली: बिचारा, कसायाचा कोंपाद्रे. आणखी दोन हिवाळे तो खेळला, मग पोरांना शिकवू लागला. मिनेर्वाने लाल बाटली समुद्रात टाकली. ती दर रविवारी फाउस्तीनोकडे माशाचे कालवण पाठवी. दोघे पुरुष भेटत, वाऱ्यापावसाचे बोलत, अहो-जाहो करीत. फाउस्तीनोची दृष्टी पुढे पार गेली. गाव म्हणाले, वय झाले. कोणी म्हणाले, देवाने शिक्षा केली. एलाडिओ तेही ऐकून घेई आणि खाली बघे.

इतकी वर्षे लोटली, आणि मातेच्या उत्सवाच्या तोंडावर उत्सवप्रमुख दोन्या कासिल्दा, म्हणजे कासिल्दाबाई, त्याच्या दारात आल्या.

"बेडका, ऐक! यंदा पालखीची पुढची दांडी तुझ्या खांद्यावर. सगळ्यांचं एकमत आहे. शर्ट तेवढा इस्त्रीचा घाल, मातेला वास मारू नकोस."

पुढची दांडी म्हणजे गावातला सर्वांत मोठा मान. एलाडिओने मान हलवली. दोन्या कासिल्दा गेल्या, आणि तो ताटावरून उठला.

"खांदा देणार आहेस?" मिनेर्वाने विचारले.

"माझा खांदा नासका आहे, मिनेर्वा."

"मग नासक्या खांद्यावर आईला घेऊ नकोस. जाऊन बोल." ताट उचलता उचलता ती म्हणाली, "रंग मी लावला होता. मीही काही वेगळी नाही."

तो फाउस्तीनोकडे गेला. फाउस्तीनो व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत बसून डॉमिनोच्या सोंगट्यांचे ठिपके बोटांनी चाचपीत होता.

"या, कोंपाद्रे. गुडघे करकरले, म्हणजे तुम्हीच."

"कोंपाद्रे, उद्या मी देवळाच्या पायरीवर बोलणार आहे. खूण माझी होती. आत आणि वर. पंचाला मी खोटं सांगितलं. लोक तुम्हाला कसाई म्हणतात..."

फाउस्तीनोच्या हातातली सोंगटी थांबली. "आणि लोक विचारतील, मग पिचरनं नीट का नाही टाकला? तेव्हा काय सांगशील? आंधळा होता म्हणून?"

सांगशील. लेकीच्या बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच त्याने एकेरी हाक दिली होती.

"ऐक रे, बेडका. कसाई म्हणजे निदान हातात जोर असलेला माणूस. त्या नावावर मी इतकी वर्षं जगलो. दुष्ट म्हणाले, म्हणू दे. पण दिसत नसताना हा माणूस पोरांच्या डोक्याकडे चेंडू फेकत होता, हे कळू नये म्हणून मी गप्प बसलो. तुझ्यासाठी नाही. उगाच स्वतःला मोठा समजू नकोस."

"मग नाही बोलत."

"वा! म्हणजे तुझी लाज पुन्हा मीच झेलायची?" फाउस्तीनोचा आवाज चढला. "झेलणारा तू होतास ना? मी तुझी झाकली, तू माझी झाकलीस. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना पांघरुणं घातली, आणि ते पोर उघड्यावर पडलं. त्याच्याकडे कधी गेलास? नाही ना? मीही नाही गेलो. जा! आधी तिकडे जा."

येर्मीन आमच्याच धक्क्यावर बर्फ विकतो. डोंगराच्या चढ-उताराचा रस्ता त्याच्या तोलाला झेपेना, म्हणून इथल्या सपाटीवर येऊन राहिला. आणि इतकी वर्षे एलाडिओ मासे घ्यायला धक्क्यावर न जाता बाजाराला वळसा घालून जाई, हेही सांगितले पाहिजे.

येर्मीन बर्फाच्या लाद्या फोडत होता. एलाडिओ उभ्याउभ्याच सारे बोलला. फाउस्तीनोच्या डोळ्यांचेही, लाल नखांचेही. येर्मीनने उजवा कान त्याच्याकडे केला होता. बर्फाचा टोचा खाली ठेवला नाही.

"इतकी वर्षं मी त्या दूर उभ्या असलेल्या माणसाला शिव्या घातल्या," अखेर तो म्हणाला. "तुम्ही इतके जवळ होता की मला तुमचा श्वास ऐकू येत होता. तुमच्याबद्दल वाईट कधी मनात आलं नाही."

येर्मीनने बर्फाची एक ढलपी पायाने बाजूला सारली.

"मी आशीर्वाद मागितला होता, मामा. तुम्ही दिलात. खोटा होता का तो?"

"नाही रे. मनापासून दिला होता."

"मग बोटं कोणाची होती?"

एलाडिओने आपली वाकडी बोटे मुठीत मिटली. 

येर्मीन पुन्हा लादी फोडू लागला. "मला सांगून काय उपयोग? त्या दिवशी चारचौघांत खोटं बोललात, खरंही चारचौघांतच बोला. आणि आता बाजूला व्हा, बर्फ वितळतोय."

दुसऱ्या दिवशी घंटा झाल्या. पायरीखाली गाव जमले. एलाडिओ इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण दांडीला खांदा न देता पायरीवर चढला. आयुष्यभर लोकांनी त्याला जाळीआड पाहिले होते; आज त्याचा चेहरा उघडा होता, आणि कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हते. त्याने आपली खूण सांगितली. आपले खोटे सांगितले. तिथे तो थांबला, कारण पुढचे त्याचे नव्हते.

"अरे, मग कसायानं नीट का नाही टाकला?" कोणीतरी ओरडलेच.

"कारण मला दिसत नव्हतं!"

गर्दी दुभंगली. मिनेर्वाच्या खांद्यावर हात ठेवून फाउस्तीनो येत होता. काठी नाही, दिसत असल्याचे सोंग नाही. "नखं दिसायची. बाकी काही नाही. खेळातून उतरायला पाहिजे होतं, उतरलो नाही. यानं मागितलं, मी टाकलं. आता काय म्हणायचं ते म्हणा."

 टाळी नाही, हुंदका नाही. एक म्हातारी थुंकली. दोन बापांनी आपली पोरे सरावातून त्याच दिवशी काढून घेतली. दोन्या कासिल्दा हलक्या आवाजात म्हणाल्या, "उतर खाली, बेडका. आई थांबलीय." पुढची दांडी दुसऱ्याने घेतली. पालखी उठली.

एलाडिओ अनवाणी, सर्वांच्या मागे चालू लागला. फाउस्तीनोचा हात आता त्याच्या खांद्यावर होता. "हळू चाल रे," फाउस्तीनो म्हणाला. "मला दिसत नाही, माहीत आहे ना?" अहो-जाहो संपले ते संपलेच. नाते मोडले की बांधावरचे जुने परत आले, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

धक्क्याशी येर्मीन दारात उभा होता. पालखी गेली, गर्दी गेली. एलाडिओ त्याच्या उजव्या बाजूला जाऊन थांबला. पांढऱ्या केसांची मान लवली, आणि आमच्या गावात थोरला धाकट्याला कधीच म्हणत नाही ते तो म्हणाला.

"आशीर्वाद, येर्मीन."

बर्फाचे पाणी उंबऱ्यावरून ओघळत होते. येर्मीन त्याच्याकडे बघत नव्हता. पण मागितलेला आशीर्वाद नाकारायचा नाही, वैऱ्यालाही नाही.

"देव तुमचं भलं करो," तो कोरडेपणाने म्हणाला आणि आत गेला.

तो कोरडा आशीर्वाद एलाडिओ अजून जपून आहे. पण मान वर झालेली नाही. रस्त्याने चालतो तो खाली बघत. माते, तू त्याची ती लवलेली मान पाहा. त्या वाकड्या बोटांवर तुझा हात ठेव. मिनेर्वाच्या चुलीवर रविवारचे कालवण शिजत राहो. त्यांच्या लेकीला उघड्या चेहऱ्याने जगता येवो. फाउस्तीनोच्या अंधारात तुझे निळे वस्त्र दिसत राहो, येर्मीनच्या पावलाला तोल लाभो. आणि ज्या दिवशी एलाडिओ तुझ्या दारी उकिडवा येऊन बसेल, त्या दिवशी त्याच्या हातून निसटलेले सारे तू झेल, माते. त्याचे भले कर. त्याच्या घराचे भले कर.